पाण्यातला पीळ



साहित्यसंस्थेच्या वार्षिक व्याख्यानासाठी रसायनशास्त्राच्या इतिहासातला विषय घेतला, याचे काहींना नवल वाटले असेल. पण या विषयाचे अर्धे मर्म आपल्या एका म्हणीतच आहे. सुंभ जळतो, पण पीळ जळत नाही, असे आपण हट्टी माणसाविषयी म्हणतो. दोरी जळून राख झाली तरी राखेत तिचे वळ दिसत राहतात. आज ज्या दोरीविषयी बोलायचे आहे तिची तऱ्हा नेमकी उलटी आहे. तिचा सुंभ शाबूत राहतो आणि पीळ जातो. आणि पीळ गेला की दोरी निकामी होते. अंडे उकडल्यावर त्याचा पांढरा भाग घट्ट होतो तो यामुळेच. उकळत्या पाण्याने अंड्यातल्या प्रथिनांच्या साखळ्या तोडलेल्या नसतात. त्यांची घडी मोडलेली असते, आणि उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंतून बसलेल्या असतात.

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी फ्रिजच्या दारात इन्सुलिनची कुपी असते. ती बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका, उन्हात राहू देऊ नका, असे डॉक्टर बजावून सांगतात. इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांची, पाण्यात जपून ठेवलेली एक घडी. अशा साखळ्या, आणि माणसाने मुद्दाम घडवलेली त्यांची कृत्रिम प्रतिरूपे, औषध म्हणून वापरायची तर एक प्रश्न टाळता येत नाही: पाण्यात यांचा आकार कोणता? गेल्या शतकाचा इतिहास पाहिला तर या प्रश्नातला ‘आकार’ हा शब्द शास्त्रज्ञांनी लवकर हाती घेतला आणि ‘पाण्यात’ हा शब्द पुष्कळ उशिरा. आजचे व्याख्यान त्या उशिराविषयी आहे.

आधी सुंभाची ओळख करून घेऊ. सप्टेंबर १९०२ मध्ये कार्ल्सबाद येथे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ आणि वैद्यांचे अधिवेशन भरले होते. तेथे एमिल फिशर आणि फ्रान्झ हॉफमाइस्टर या दोघांनी एकाच दिवशी, स्वतंत्रपणे, एकच कल्पना मांडली. प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांचे मणी एकाला एक जोडून झालेल्या माळा, असे ते म्हणाले. दोन मण्यांमधल्या जोडाला पेप्टाइड बंध हे नाव रूढ झाले, आणि आखूड माळेला पेप्टाइड. फिशर नुसते बोलून थांबले नाहीत. १९०७ पर्यंत त्यांनी १८ मण्यांची माळ प्रयोगशाळेत ओवली. पण ती माळ द्रवात सरळ राहते, गुंडाळली जाते की विस्कटते, हे पाहण्याचे साधन त्या काळात नव्हते.

आकाराचा पहिला मोठा उलगडा लायनस पॉलिंग यांनी केला. १९४८ साली ते ऑक्सफर्डला पाहुणे प्राध्यापक होते. सर्दीने अंथरूण धरलेले. रहस्यकथा वाचून कंटाळा आला, तेव्हा त्यांनी एका कागदावर पेप्टाइडची साखळी काढली आणि कागद दुमडू लागले. पेप्टाइड बंधाच्या आसपासचे अणू एका सपाट पातळीत असतात, बंध तिथे फिरत नाही, हे त्यांना रसायनशास्त्रावरून ठाऊक होते. ती अट पाळून कागद वळवताना एक मळसूत्र तयार झाले. त्याच्या एका फेऱ्यात ३.६ मणी बसत होते, आणि साखळीतल्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन पुढच्या फेऱ्यातल्या ऑक्सिजनशी हात मिळवत होता. या हस्तांदोलनाला हायड्रोजन बंध म्हणतात. १९५१ साली रॉबर्ट कोरी आणि हर्मन ब्रॅन्सन यांच्यासह पॉलिंग यांनी हे अल्फा मळसूत्र प्रसिद्ध केले. त्याच सुमारास केंब्रिजला ब्रॅग, केन्ड्र्यू आणि पेरुट्झ हेही अशाच मळसूत्रांच्या मागे होते. पण बंध सपाट असतो ही अट त्यांनी धरली नव्हती. पॉलिंग यांचा लेख वाचताच पेरुट्झ यांनी प्रयोगशाळेत पडलेला घोड्याचा केस क्ष-किरणांसमोर धरला. मळसूत्र खरे असेल तर फिल्मवर १.५ अँगस्ट्रॉम अंतर दाखवणारी एक खूण उमटायला हवी होती. ती उमटली.

ही गोष्ट शास्त्राच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखी आहेच. पण तिच्यात काय नाही तेही पाहायला हवे. कागदावर पाणी नव्हते, आणि घोड्याचा केसही पाण्यात विरघळलेला नव्हता.

आता आपल्या देशात येऊ. मद्रास विद्यापीठात १९५२ साली गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन हे तिशीतले भौतिकशास्त्रज्ञ प्राध्यापक म्हणून आले. जे. डी. बर्नाल यांच्या भेटीत कोलॅजेनचा विषय निघाला. कातडे, स्नायुबंध आणि हाडे यांना बळकटी देणारे हे प्रथिन. जवळच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. तिथून नमुने मिळाले, आणि सर्वांत चांगला नमुना निघाला तो कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधाचा. गोपीनाथ कर्था यांच्यासह रामचंद्रन यांनी १९५४ साली कोलॅजेनची तीन पदरांची रचना मांडली, आणि पुढच्याच वर्षी तिला आणखी एक पीळ देऊन सुधारली. त्यावर केंब्रिजहून आक्षेप आला की या रचनेत काही अणू एकमेकांच्या फारच जवळ आले आहेत. जवळ म्हणजे किती जवळ? रामचंद्रन यांनी हा प्रश्न मनावर घेतला. ज्ञात स्फटिकांमधली अंतरे त्यांनी गोळा केली, आणि एका मण्यापाशी साखळी ज्या दोन कोनांतून वळू शकते त्या कोनांच्या सगळ्या जोड्या तपासल्या. कोणत्या जोडीत अणू एकमेकांवर आदळतात आणि कोणत्या जोडीत नाही, याचा नकाशा १९६३ साली सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह प्रसिद्ध झाला. जगभर तो रामचंद्रन नकाशा म्हणून ओळखला जातो. नव्याने सोडवलेली प्रथिनाची कोणतीही रचना आजही या नकाशावर ताडून पाहतात.

हा नकाशा साखळीला काय शक्य आहे ते सांगतो. नकाशातला बराच मोठा भाग निषिद्ध आहे, थोडा मोकळा आहे. त्या मोकळ्या भागातल्या कोणत्या गावी साखळीने वस्ती करायची, हे मात्र नकाशा ठरवत नाही. ते ठरते साखळी ज्या द्रवात आहे त्या द्रवावरून.

पाण्याकडे पाहणारेही त्याच काळात होते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत जॉन शेलमन यांनी १९५५ साली एक साधे वाटणारे गणित मांडले. युरियाचे रेणू पाण्यात एकमेकांना किती घट्ट धरतात, याच्या मोजमापावरून त्यांनी पेप्टाइडातल्या हायड्रोजन बंधाची पाण्यातली किंमत काढली. ती फारच थोडी निघाली. कारण उघड आहे. पाण्याचा प्रत्येक रेणू हायड्रोजन बंध द्यायला आणि घ्यायला तयार असतो. साखळीने स्वतःशी धरलेला हात सोडला तरी तिचे काही अडत नाही. पाणी लगेच हात पुढे करते. वर, मळसूत्रात जखडून राहायचे म्हणजे साखळीने आपली मोकळीक गमवायची. जमाखर्च मांडला तर शिल्लक जवळजवळ शून्य. क्लोरोफॉर्मसारख्या द्रवाची गोष्ट वेगळी. तो असे हात देत नाही, त्यामुळे साखळीला स्वतःशीच हात धरून बसणे भाग पडते. पॉलिंग यांचा पीळ तेलकट शेजारात सहज टिकतो आणि पाण्यात डळमळतो, याचे मूळ इथे आहे.

मग शरीरातली प्रथिने पाण्यात आपला आकार कशी सांभाळतात? याचे उत्तर १९५९ साली प्रिन्स्टनच्या वॉल्टर कॉझमन यांनी ठामपणे मांडले. अमिनो आम्लांतली काही तेलकट स्वभावाची असतात, पाण्याला नाखूष. लांब साखळी गुंडाळली की ही तेलकट अंगे आत जमतात आणि पाण्याला बाहेर ठेवतात. म्हणजे प्रथिनाची घडी घालणारा मुख्य कारागीर एका अर्थी पाणीच आहे. घडी मोडू पाहणारेही तेच, आणि घालणारेही तेच. अमेरिकेत क्रिस्टियन अन्फिन्सेन यांनी याच सुमारास रायबोन्यूक्लिएज हे १२४ अमिनो आम्लांचे एन्झाइम युरियाने पूर्ण उलगडले. मग युरिया काढून घेतला, आणि साखळीने आपली घडी आपण घातली. या कामासाठी त्यांना १९७२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांच्या प्रयोगाचा निष्कर्ष पुष्कळदा असा सांगतात की घडीची सगळी माहिती साखळीतच असते. ‘योग्य द्रवात’ हे दोन शब्द त्या वाक्यातून गळतात.

लांब साखळीचे असे निभावते. आखूड साखळीचे काय? दहा-पंधरा मण्यांच्या पेप्टाइडाला तेलकट गाभा करण्याइतके अंगच नसते. १९५९ साली ब्रुनो झिम आणि जे. के. ब्रॅग यांनी मळसूत्राचे गणित मांडले होते. त्याचे सार असे की पहिला फेरा बसवणे फार कठीण; तो बसला की पुढचे मणी सोपे होतात. परमुलखात पहिले घर बसवणे किती अवघड आणि पाचवे किती सोपे, हे आपल्या वाडवडिलांनी अनुभवलेले आहे. या गणिताने आखूड पेप्टाइडाला पाण्यात पीळ मिळण्याची आशा जवळजवळ नाहीच असे दिसत होते. तरी १९७१ साली ब्राउन आणि क्ली यांनी रायबोन्यूक्लिएजच्या टोकाचा १३ मण्यांचा तुकडा पाण्यात घेऊन तो शून्य अंशाच्या आसपास थंड केला, आणि त्यात थोडासा पीळ त्यांना आढळला. बर्फाइतक्या थंड पाण्यात का होईना, पण आढळला. स्टॅनफर्डला रॉबर्ट बाल्डविन यांनी हाच धागा वर्षानुवर्षे धरून ठेवला. १९८९ साली त्यांच्या गटाने १६ मण्यांची साखळी घडवली. ती मुख्यतः ॲलनिनची, आणि पाण्यात विरघळावी म्हणून मधे मधे विद्युतभारित लायसिन पेरलेली होती. थंड पाण्यात तिचा पीळ चांगलाच टिकला.

पाण्यातला पीळ पाहतात कसा, तेही सांगायला हवे. एक वाट प्रकाशाची. मळसूत्र उजव्या आणि डाव्या फिरक्यांचा अतिनील प्रकाश सारखा शोषत नाही. २०८ आणि २२२ नॅनोमीटर तरंगलांबीला अल्फा मळसूत्राची ओळखीची खूण दिसते. दुसरी वाट चुंबकीय अनुस्पंदनाची, ज्याला आपण एनएमआर म्हणतो. त्यात दोन हायड्रोजन अणू ५ अँगस्ट्रॉमच्या आत असले तर एकमेकांची चाहूल देतात, आणि अशा चाहुली जुळवून आकार काढता येतो. प्रथिनांसाठी ही रीत बसवणारे कुर्ट व्युथ्रिख यांना २००२ चे नोबेल विभागून मिळाले. पाण्यात हे काम जिकिरीचे असते, कारण पाण्याचा स्वतःचा हायड्रोजन सर्वांत मोठ्याने बोलतो. सभेत हजार माणसे बोलत असताना एकाचे पुटपुटणे टिपावे, तसे ते काम. पाण्याकडे वळायला उशीर झाला याचे एक कारण हेही आहे.

आता प्रतिरूपांकडे येऊ. पेप्टाइडाची नक्कल करायची गरज मुळात का पडली? कारण शरीरात पेप्टाइडे फार टिकत नाहीत. आपल्या पोटात आणि रक्तात त्यांचे तुकडे करणारी एन्झाइमे सतत काम करत असतात. १९६३ साली ब्रूस मेरिफिल्ड यांनी बारीक गोळ्यांवर पेप्टाइड बांधायची पद्धत शोधली (१९८४ चे नोबेल तिलाच मिळाले), तेव्हापासून हवी ती साखळी ओवणे सोपे झाले. पण ओवलेली साखळी शरीराने तोडू नये आणि तिचा आकारही बिघडू नये, ही दुहेरी अट उरलीच होती.

पहिला धडा बुरशीने दिला. शेतकरी रोपांच्या मुळांना ज्या ट्रायकोडर्मा बुरशीचे औषध लावतात, तिच्या एका जातीत ॲलमेथिसिन नावाचे २० मण्यांचे पेप्टाइड सापडते. त्यात एक विचित्र अमिनो आम्ल पुन्हा पुन्हा येते. त्याचे नाव लांबलचक आहे. संक्षेपाने त्याला एब म्हणतात. साध्या ॲलनिनच्या मधल्या कार्बनवर एक मिथिल गट असतो, एबच्या कार्बनवर दोन. दोन्हीकडून गर्दी झाल्याने साखळीला वळायला जागा उरत नाही. रामचंद्रन नकाशावर एबला मोकळी असलेली जागा पाहिली तर ती मळसूत्राच्या आसपासच सापडते. म्हणजे हा मणी जिथे बसेल तिथे साखळीला पीळ देतो.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पद्मनाभन बलराम यांनी हा मणी हाती घेतला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून बी. एस्सी. झालेले बलराम पुढे त्याच विज्ञान संस्थेचे संचालक झाले. रामचंद्रन यांनीही मद्रास सोडून तिथेच रेणवीय जैवभौतिकीचा विभाग उभा केला होता. १९७०च्या दशकापासून बलराम यांच्या गटाने एब घालून पेप्टाइडे घडवली, आणि पुढे वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतल्या इझाबेला कार्ल यांच्याबरोबर त्यांच्या स्फटिकांच्या रचना एकामागून एक सोडवल्या. आठ-दहा मण्यांची साखळीसुद्धा सुरेख पीळ धरते, हे या कामाने निर्विवाद केले. मात्र ही पेप्टाइडे बहुतेक तेलकट होती. त्यांचा पीळ स्फटिकात आणि क्लोरोफॉर्मसारख्या द्रवांत पाहिला गेला. पाण्यात ती विरघळतच नव्हती.

१९९६ साली दोन ठिकाणांहून जवळजवळ एकाच वेळी वेगळी बातमी आली. झुरिचला डीटर झेबाख आणि अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात सॅम्युएल गेलमन यांनी साखळीचा कणाच बदलला. प्रत्येक मण्यात एक कार्बन जास्त घातला. या साखळ्यांना बीटा-पेप्टाइड म्हणतात. कण्यात जादा कार्बन म्हणजे जादा लवचिकपणा, तेव्हा आकार ढिला पडेल, अशीच अपेक्षा कोणीही केली असती. घडले उलटे. झेबाख यांची सहा मण्यांची साखळी मिथेनॉलमध्ये पक्के मळसूत्र झाली. नैसर्गिक साखळीचे तुकडे करणारी एन्झाइमेही या साखळ्यांना तोडू शकली नाहीत. घडी घालणाऱ्या अशा कृत्रिम साखळ्यांसाठी गेलमन यांनी ‘फोल्डामर’ हे नाव रूढ केले, आणि १९९८ साली या नव्या क्षेत्राचा जाहीरनामाच लिहिला.

हे काम आपल्या हैदराबादेतही झाले. तारनाक्याच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत जी. व्ही. एम. शर्मा आणि ए. सी. कुंवर यांच्या गटाने साखरेपासून बीटा-अमिनो आम्ले घडवली, एक डावे आणि एक उजवे अशी आलटून पालटून ओवली, आणि त्यातून मिळणारे मिश्र मळसूत्र २००३ साली जगासमोर मांडले. ते मळसूत्रही दिसले क्लोरोफॉर्ममध्ये. झुरिचलाच विल्फ्रेड व्हान गुन्स्टेरेन यांच्या गटाने १९९८ साली बीटा-पेप्टाइड संगणकावर पुन्हा पुन्हा उलगडताना आणि घडी घालताना दाखवले, तेव्हा संगणकातल्या त्या साखळीभोवती रेणू होते मिथेनॉलचे. यात कोणाचा दोष काढायचा नाही. जिथे आकार स्पष्ट दिसतो तिथे आधी पाहायचे, ही शास्त्राची रीतच आहे. पण रोगी माणसाच्या रक्तात मिथेनॉल नसते.

साध्या बीटा-पेप्टाइडांना पाण्यात टाकले, तेव्हा बहुतेकांचा पीळ बराचसा ओसरला. म्हणीतली दोरी पुन्हा उलटी वागली. त्यानंतरची दहा वर्षे या एका अडचणीशी झुंजण्यात गेली. तिच्यावरचे तीन तोडगे नीट समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला तोडगा सांधा जखडण्याचा. गेलमन यांच्या गटाने साखळीच्या कण्यातच सहा किंवा पाच अणूंची कडी बसवली. कडीमुळे तिथला बंध फिरू शकत नाही, म्हणून उलगडण्याचा मोहच कमी होतो. १९९९ साली त्यांनी अशा कड्या घातलेली फक्त सहा मण्यांची साखळी पाण्यात पीळ धरते, हे दाखवले. कड्या स्वभावाने तेलकट असल्याने पाण्यात विरघळण्यासाठी अधूनमधून विद्युतभारित मणी घालावे लागले.

दुसरा तोडगा शेजार जुळवण्याचा. मळसूत्राच्या एका फेऱ्यावर धन भार आणि बरोबर त्याच्या वरच्या फेऱ्यावर ऋण भार ठेवला, तर दोघे एकमेकांना ओढून धरतात आणि फेरे सुटत नाहीत. २००१ साली विल्यम डीग्रॅडो यांच्या आणि झेबाख यांच्या अशा दोन गटांनी हे पाण्यात करून दाखवले. हे धन-ऋण पूल नैसर्गिक प्रथिनांतही असतात. इथे ते माणसाने मोजून मापून बसवले.

तिसरा तोडगा सोबतीचा. येल विद्यापीठात अलॅना शेपार्ट्झ यांच्या गटाने बीटा-पेप्टाइडाच्या एका बाजूला तेलकट मणी असे मांडले की पाण्यात एकट्या साखळीला करमू नये. २००७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या रचनेत आठ साखळ्या एकत्र येऊन गठ्ठा बांधतात. तेलकट अंगे आत, भारित अंगे बाहेर. कॉझमन यांनी १९५९ साली नैसर्गिक प्रथिनांविषयी सांगितलेले तत्त्व, निसर्गात नसलेल्या कण्यावर तसेच लागू पडले. या तिसऱ्या तोडग्यात पाण्याला शत्रू मानलेले नाही, कामाला लावले आहे. माझ्या मते या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे वळण ते हेच.

त्या वळणाचा आणखी ठळक दाखला म्हणजे पेप्टॉइड. १९९२ साली कॅलिफोर्नियातल्या कायरॉन कंपनीत रोनल्ड झुकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मण्याची बाजूची शाखा कार्बनवरून काढून नायट्रोजनवर बसवली. त्यामुळे नायट्रोजनवर हायड्रोजनच उरला नाही. म्हणजे पॉलिंग यांच्या मळसूत्राचा जो आधार, तो हायड्रोजन बंध साखळीच्या कण्याला करताच येत नाही. तरीही योग्य शाखा निवडल्या तर पेप्टॉइडांना पीळ पडतो, हे पुढे दिसले. २०१० साली झुकरमन यांच्या बर्कलीतल्या गटाने पाण्यात पेप्टॉइडांचे विस्तीर्ण पापुद्रे तयार झालेले दाखवले. जाडी ३ नॅनोमीटरच्या आत; दोन थर, तेलकट बाजू आत. साखळ्या आधी पाण्याच्या पृष्ठभागावर दाटीने जमतात, आणि बाटली हलवून पृष्ठभाग आवळला की जोडथर होऊन पाण्यात उतरतात. इथे आकार कण्याच्या हायड्रोजन बंधाने आलेला नाही. तो पाणी आणि तेल यांच्या भांडणातून आला आहे.

एवढे ऐकून वाटेल की पाण्यात पीळ टिकला म्हणजे जिंकलो. नेहमी तसे नसते. १९८७ साली मायकेल झॅस्लॉफ यांनी आफ्रिकेतल्या एका बेडकाच्या कातडीत मॅगेनिन नावाची जंतुनाशक पेप्टाइडे शोधली. साध्या पाण्यात मॅगेनिन विस्कटलेले असते. जंतूच्या तेलकट आवरणाला भिडले की त्याला पीळ पडतो आणि ते आवरण फाडते. म्यानात सैल, रणात ताठ. २००० साली गेलमन यांच्या गटाने याच धर्तीवर बीटा-पेप्टाइड घडवले. ते जंतूंना मारत होते आणि माणसाच्या तांबड्या पेशींना फारसे दुखवत नव्हते. आपल्या शहरातल्या पेशीय आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्रात आर. नागराज यांनी जंतुनाशक पेप्टाइडांवर दीर्घकाळ काम केले. बंगळुरूला बलराम यांच्याबरोबर एबच्या रचनांवर काम करणाऱ्यांपैकी ते एक.

शेवटी पुन्हा फ्रिजच्या दाराशी येऊ. कुपीतल्या पाण्यात इन्सुलिनचे रेणू सहा-सहांच्या गटाने राहतात. टोचल्यावर गट सुटायला वेळ लागतो, म्हणून जुने इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावे लागे. १९९६ साली आलेल्या लिस्प्रो इन्सुलिनमध्ये साखळीच्या शेवटाकडच्या प्रोलिन आणि लायसिन या दोन मण्यांची फक्त अदलाबदल केली होती. त्याने गटाची पकड सैल झाली, आणि इंजेक्शन जेवणाच्या तोंडावर घेता येऊ लागले. दुसरे उदाहरण अलीकडचे. जेवणानंतर आतड्यातून सुटणारे जीएलपी-१ हे संप्रेरक रक्तात अवघी एक-दोन मिनिटे टिकते, कारण एक एन्झाइम त्याच्या टोकाचे दोन मणी छाटून टाकते. सेमाग्लुटाइड या औषधात त्यातल्या दुसऱ्या मण्याच्या, म्हणजे ॲलनिनच्या, जागी एब बसवले आहे. तोच तो बुरशीतला, दोन मिथिलांचा, गर्दी करणारा मणी. एन्झाइमाला तिथे कात्री लावता येत नाही. शिवाय साखळीला एक लांब तेलकट शेपटी जोडली आहे, ती रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहते. या बदलांमुळे दोन मिनिटांचे आयुष्य सुमारे आठवड्याचे झाले, आणि आठवड्यातून एकदा टोचायचे हे औषध २०१७ साली अमेरिकेत मंजूर झाले. बंगळुरूच्या स्फटिकांतून हे औषध थेट निघाले असा दावा मी करत नाही. पण ज्या मण्याचा स्वभाव आपल्या देशातल्या प्रयोगशाळेत इतक्या बारकाईने समजून घेतला गेला, तो आज लाखो मधुमेही माणसांच्या रक्तात काम करतो आहे, एवढे निश्चित.

२०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल संगणकाने प्रथिनांच्या घड्या ओळखण्याच्या आणि घडवण्याच्या कामाला मिळाले. त्यातले अल्फाफोल्ड हे साधन नैसर्गिक प्रथिनांच्या आजवर सोडवलेल्या रचनांवर शिकलेले आहे. बीटा-पेप्टाइड किंवा पेप्टॉइड यांच्या रचना त्या मानाने मोजक्याच. तेव्हा प्रतिरूपांच्या बाबतीत संगणकाचा शब्द अखेरचा मानता येत नाही; साखळी ओवायची, पाण्यात सोडायची आणि पाहायचे, ही जुनी वाट अजून चालावी लागते.

आपल्या नातवंडांच्या पुस्तकात प्रथिनांची रंगीत चित्रे असतात. त्यात दोरी असते, पीळ असतो, घडी असते. भोवतीचे पाणी चित्र स्वच्छ दिसावे म्हणून पुसलेले असते. नव्या औषधाच्या रेणूचे चित्र उद्या वर्तमानपत्रात आले, तर हा आकार कोणत्या द्रवात मोजला, एवढा एकच प्रश्न त्यांना विचारायला शिकवावा. शास्त्रज्ञांना तो प्रश्न नीट विचारायला अर्धे शतक लागले. नातवंडांना तो एका संध्याकाळी शिकवता येईल.